बुधवारची खोली

शालन, परवा तुझी शोकसभा झाली. कुठं झाली ते ऐकलं असतंस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. त्याच हॉलमध्ये. स्टेजवर तुझा फोटो, त्याला झेंडूचा हार, आणि फोटोशेजारच्या खुर्चीत सेक्रेटरी. संस्थेचे तेच सेक्रेटरी, ज्यांनी तुला याच हॉलची किल्ली टेबलावर ठेवून जायला सांगितलं होतं. ते उठले, माईक खालीवर केला आणि म्हणाले, "शालनबाईंच्या लेखी प्रत्येक मूल सारखं होतं. गरीब-श्रीमंत, हुशार-मंद असा भेद त्यांनी आयुष्यात कधी केला नाही."

मी दत्ताला बरोबर नेलं होतं. आता तो माझ्या खांद्याला लागलाय, ओठांवर लव दिसायला लागलीय, पण समज अजून तीन-चार वर्षांच्या पोराइतकीच. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या तो सरळ उजव्या कोपऱ्यात गेला. तू तिथं पाण्याचं घमेलं ठेवायचीस. घमेलं नव्हतं. तो खाली बसला आणि तळहातानं कोरडी फरशी पुसत राहिला. सेक्रेटरींचा आवाज चढला तसा तो ओरडला, त्याचं ते नेहमीचं लांबलचक, वरच्या पट्टीतलं. माना वळल्या. एक कार्यकर्ता वाकत वाकत माझ्यापर्यंत आला. "बाई, त्याला जरा बाहेर घेता का? शोकसभा चालू आहे."

घेतलं मी बाहेर. पायरीवर बसलो आम्ही मायलेकरं, आणि आतून माईकवर तुझं कौतुक ऐकत राहिलो. सेक्रेटरींचा राग आलाच. पण खरं सांगते, त्यांच्याहून जास्त तुझा आला. कारण या हॉलमधून दत्ताला पहिल्यांदा बाहेर काढलं ते तू.

तू गेल्याला अजून महिना झाला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं. चांगलं बोलायला तिथं पुष्कळ जण होते. माझ्याकडं जे आहे ते मलाच बोलावं लागणार.

कऱ्हाटीला, आपल्या गावी, दोघींच्या घरांमध्ये एक बांध होता. तुमच्याकडं तेव्हा अजून मेंढरं होती. तुझ्या आबांनी ती नंतर विकली आणि विहीर खोदली. आमचा मळा. मी शाळेतून आले की मेथीच्या जुड्या बांधायला बसायचे आणि तू बांधावर येऊन मला नावं ठेवायचीस. मेंढरांच्या पाठीवर खूण करायला आबा तांबडा रंग कालवायचे, त्यातला उरलेला तू पळवायचीस आणि आमच्या हौदाच्या भिंतीवर काय काय काढायचीस. माझ्या वडिलांनी एकदा तुझा कान धरला होता. तू म्हणालीस, "तात्या, कान सोडा, बैलाचं शेपूट ऱ्हायलंय." त्यांनी कान सोडला आणि शेपूट होईपर्यंत उभे राहिले. मला आठवतं ते असं.

मग तू पुण्याला जाऊन चित्रकलेच्या शिक्षिकेचा कोर्स केलास, मी डी.एड. केलं. तुला बारामतीत मुलींच्या शाळेत नोकरी लागली, मला जिल्हा परिषदेची. लग्न होऊन मी सांगवीला आले. तुझं लग्न झालं नाही; का झालं नाही याच्या गोष्टी गावात वेगवेगळ्या आहेत, त्यात मी पडत नाही. पण आपलं येणंजाणं तुटलं नाही. सांगवीच्या एस.टी.तून उतरलीस की चपला काढायच्या आधी तुझी बडबड सुरू.

असाच एकदा तू धुमसत आली होतीस. तुमच्या शाळेत चित्रकलेची स्पर्धा झाली होती आणि ज्या मुलींकडं स्वतःची रंगपेटी नाही त्यांना व्हरांड्यात बसवून ठेवलं होतं. "व्हरांड्यात, मंगे! आतल्या पोरी रंगवत्यात आन् ह्या बाहेरनं बघत्यात. मी म्हटलं, माझी पेटी देते. तर म्हनं नियमात बसत न्हाय." त्या दुपारी आमच्या ओट्यावर बसून तू ठरवलंस की दर रविवारी पोरांना जमवायचं. सगळ्यांना. कागद-रंग तू देणार, पैसे कुणाकडून घेणार नाहीस. मी म्हणाले, रविवारी सकाळी टीव्हीपुढून पोरं उठवून दाखव आधी. तू दाखवलीस.

बारामतीतल्या त्या संस्थेनं हॉल दिला, तेव्हा सेक्रेटरीही उत्साहात होते. तू दारावर खडूनं लिहिलंस, 'सगळ्यांसाठी. फुकट.' त्यांनी सांगितलं, फुकट बरं दिसत नाही, विनामूल्य लिहा. तू म्हणालीस, "विनामूल्य लिहिलं तर दगडखाणीवरची पोरं यायची न्हाईत. त्यांना वाटंल ते काही तरी महाग हाय." फुकटच राहिलं. आणि पोरं आली. खाणीवरची आली, कॉलनीतली आली, ऊसतोडीच्या टोळीतली हंगामापुरती आली. एक मुका मुलगा यायचा. कुबड्या घेऊन एक मुलगी यायची, तिला तू स्टेजची पायरी दिली होतीस बसायला. बाभळीच्या काड्या चावून कुंचले, गेरू, हळद, कपड्याची नीळ, चुलीतला कोळसा. शाळेतून मागून आणलेले पाठकोरे कागद. मी पहिल्यांदा बघायला आले तेव्हा मला वाटलं, ही बाई वेडी झालीय. फरशीची काय अवस्था केली होतीत तुम्ही सगळ्यांनी मिळून.

दत्ताला मात्र मी आणलं नव्हतं. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याला मी कुठंच नेत नव्हते. लग्नाला नाही, जत्रेला नाही. लाळ गळायची, एकदम ओरडायचा, जे आवडेल ते ओढायचा. लोक काही बोलत नसत, सरकून बसत. ते सरकणं मला सहन व्हायचं नाही, म्हणून मी घरीच राहायचे. नातेवाइकांनी त्याचं नाव घेणंच सोडलं होतं. 'तुमचं ते पोर' म्हणायचे.

तू सरकली नाहीस. एक दिवस त्याच्या हातातली ओली माती तू आपल्या गालाला लावून घेतलीस आणि मला म्हणालीस, "रविवारी ह्याला घेऊन ये."

"त्याला काय येतंय चित्र, शाले?"

"मला कुठं चित्रं पायजेत? मला पोरं पायजेत. घेऊन ये म्हणते ना."

त्या रविवारी मी दाराशीच उभी होते, पर्स खांद्याला तशीच, लगेच परत निघायच्या तयारीत. दत्ताचाच एक जुना शर्ट त्याला पाठीमागून बटणं लावून घातला होता. तो आत गेला, सगळीकडं बघितलं, आणि गेरूच्या बादलीत दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. पोरं थांबली. मी आत जायला निघाले, तेवढ्यात तू साडी खोचलीस आणि त्याच्या शेजारी बसून आपलेही हात कोपरापर्यंत त्याच बादलीत घातलेस. मग एक पोरगी आली. मग खाणीवरचा एक पोरगा. मग बादलीभोवती जागा राहिली नाही. दत्ता ओरडला. मला त्याचं दुखण्याचं ओरडणं माहीत होतं, भुकेचं माहीत होतं. हे ओरडणं मी तोवर ऐकलंच नव्हतं.

हे तुझं माझ्यावरचं ऋण. ते मी कुठल्याही भांडणात विसरले नाही, आणि विसरले नाही म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

पुढची दोन वर्षं आम्ही चुकवला असेल तो एखादाच रविवार. त्यानं एकही चित्र काढलं नाही. त्याला पाणी आवडायचं. घमेल्यात कागद बुडवायचा, वर धरायचा, पाणी निथळताना बघायचा, कागद फाटेपर्यंत. तू ते फाटके ओले कागद इतरांच्या चित्रांबरोबर दोरीवर वाळत घालायचीस. कॉलनीतल्या डॉक्टरांच्या बायकोनं एकदा विचारलं, "हे काय आहे?" तू म्हणालीस, "कागद हाय. ओला." आणि मला डोळा मारलास.

मग तुझं नाव व्हायला लागलं, आणि माझ्या मते तिथून बिघडायला लागलं. पेपरात फोटो आला. सेक्रेटरींनी ठरवलं की मोठं प्रदर्शन भरवायचं, पुण्याहून पाहुणे आणायचे. तू हरखली होतीस. चित्रं निवडताना तू पहिल्यांदाच 'चांगलं' आणि 'बरं' असे ढीग केलेस. मी तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालीस, "भिंतीवर जागा कमी हाय गं." दत्ताचे कागद कुठल्याच ढिगात नव्हते. प्रदर्शन होतं, मला समजत होतं.

त्याच सुमाराला दत्तानं डॉक्टरांच्या मुलीला ढकललं. ढकललं होतं, खोटं कशाला बोलू. तिच्या वेणीची रिबन ओली करायची होती त्याला. ती मागं सरली, त्यानं ओढली, मग ढकललं. हनुवटीला लागलं तिच्या. मी तिच्या घरी जाऊन पाया पडायचंच बाकी ठेवलं. तिची आई दारातच बोलली, नीटच बोलली. "तुमच्याबद्दल वाईट वाटतं हो. पण आमच्याही मुली आहेत ना." पुढच्या आठवड्यात पालकांची मीटिंग झाली. मला बोलावणं नव्हतं. तू होतीस.

आणि मग एक दिवस संध्याकाळी तू सांगवीला आलीस. आल्या आल्या बडबडली नाहीस, तेव्हाच मी ओळखलं. अंगणात मेथी पसरली होती, सकाळी मार्केटला जायची होती. तू माझ्यासमोर बसलीस, जुड्या बांधायला लागलीस आणि जुडीकडं बघत म्हणालीस, "मंगे, मी काय म्हणते, दत्ताला बुधवारी आणत जा. मागची खोली हाय ना, तितं. मी शाळा सुटल्यावर येत जाईन."

ती खोली मला माहीत होती. गणपतीच्या मखराचं सामान आणि मोडक्या खुर्च्या ठेवायची. खिडकी वर, छताला लागून.

"कोण कोण असणार तिथं?"

"ती कुबड्यांची पोरगी. तो मुका. आजून एखादं येईल. त्याच्यासारखीच."

"त्याच्यासारखी म्हणजे कशी?"

"मंगे, शब्दात पकडू नगंस."

"मुक्याला बोलता येत नाही, पोरीला चालता येत नाही, दत्ताला समजत नाही. तिघांत सारखं काय आहे सांग. तिघं कॉलनीतल्या बायकांना नको आहेत, एवढंच ना?"

तू जुडी खाली ठेवलीस. "हॉल जाईल गं. सेक्रेटरी म्हणले, न्हायतर दुसरी जागा बघा. कुठं बघू? एवढी पोरं हायेत. खाणीवरच्यांना दुसरं कोण घेतंय? एकापायी सगळ्यांना रस्त्यावर काढू?"

एकापायी. हा शब्द माझ्या सासरच्या माणसांनी पुष्कळदा वापरलाय. एकापायी धाकट्या दिराचं लग्न जमत नाही. एकापायी पाव्हणे येत नाहीत. तुझ्या तोंडून तो ऐकेन असं वाटलं नव्हतं.

मी म्हणाले, "मग दारावरचं 'सगळ्यांसाठी' पुसून टाक. फुकट तेवढं राहू दे."

तू उठलीस. साडीला चिकटलेली मेथीची पानं झाडलीस. दत्ता गोठ्याजवळ बसला होता, तो धावत आला आणि तुझी पिशवी धरली. त्याला वाटलं निघायचंय. तू त्याची बोटं एकेक करून सोडवलीस. मला ते तसंच्या तसं दिसतं. घाईनं नाही, अगदी हळूच सोडवलीस.

एका बुधवारी आमचे हे त्याला घेऊन गेले होते. माझी शाळा होती. घरी आले ते सरळ विहिरीवर जाऊन बसले. नंतर सांगितलं की दत्ता त्या खोलीत थांबलाच नाही. पळत हॉलच्या दाराशी गेला, दार बंद होतं, ते वाजवत राहिला. तू त्याला आणायला आलीस तर तुलाही लाथ मारली. "मी म्हनलं बाई, ऱ्हाऊ द्या," हे म्हणाले. "त्या पन रडाय लागल्या." तू रडलीस हे ऐकून मला बरं वाटेल असं ह्यांना वाटलं असावं. मला नाही वाटलं. रडायचं होतं तर मीटिंगमध्ये रडायचं होतंस.

त्यानंतर कितीतरी रविवार दत्ता तो उलटा शर्ट घेऊन दारात उभा राहायचा. वार कसे कळायचे त्याला कोण जाणे. सकाळपासून उभा, शर्ट छातीशी धरून. जेवायला बसवलं तर बसायचा, हात धुतले की परत दारात. अशा मुलाला कसं सांगायचं की तुझ्या शालनमावशीला हॉल हवाय? तू सांगून गेली असतीस तर बरं झालं असतं. मला जुड्या बांधताना सांगितलंस, त्याला सांगायचं माझ्यावर सोडलंस.

प्रदर्शन छान झालं म्हणतात. मी नाही आले. नंतर काय झालं ते मला बाजारात भाजीच्या गाळ्यावर कळलं. पाहुण्यांनी एवढी स्तुती केली की सेक्रेटरींना वाटलं, हे नीट हातात घ्यावं. पुण्याहून एक सर आणले. निवडक मुलं, परीक्षेची तयारी, शिस्त. खाणीवरची पोरं 'अनियमित' म्हणून आधी गेली. कुबड्यांच्या मुलीला त्या खोलीत कुणी सोडायलाच येईना. आणि शेवटी तुला बोलावून सांगितलं, बाई, तुम्ही एवढी सुरुवात करून दिलीत, आता थोडी विश्रांती घ्या, किल्ली ठेवून जा.

ज्या हॉलसाठी दत्ताला काढलंस तो हॉल वर्षभरही टिकला नाही, शालन. मला तेव्हा तुझं वाईट वाटायला हवं होतं. मी गाळ्यावरची वांगी निवडत राहिले.

मग माझी बदली इंदापूर तालुक्यात झाली. ह्यांनी सांगवीची शेती भावाबरोबर ठेवली, ते येऊन जाऊन. मी आणि दत्ता इंदापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत. वर्षभर आपण बोललो नव्हतो. आणि एका रविवारी तू दारात. केस अर्धे पिकलेले, खांद्याला तीच पिशवी. 'कशी आहेस' नाही, 'चुकलं' नाही. म्हणालीस, "हितं डाळिंबाच्या बागंत पॅकिंगची शेड मिळालीया. दत्ता कुठाय?"

दत्तानं तुला बघितलं, पिशवीला नाक लावलं, आणि आत पळाला. मला वाटलं रुसला. तो शर्ट शोधत होता. तो शर्ट त्याला केव्हाच लहान झाला होता. त्यानं तोच आणला आणि तुझ्यापुढं हात करून उभा राहिला, घाल म्हणून. तू खाली बसून त्याला घालायला लागलीस आणि तुझ्या हातांना बटणं सापडेनात. मी मदत केली नाही. चपला घातल्या आणि तुमच्या मागोमाग आले. माझं माफ करणं-बिफ करणं काही त्यात नव्हतं. पोराला जायचं होतं.

शेड बागेच्या मालकांची, त्यांनाही सगळे तात्याच म्हणायचे. म्हाताऱ्यांच्या अटी पहिल्याच दिवशी ऐकल्या. "हंगामाला शेड माझी. बाकीच्या टायमाला तुमची. पेट्यांवर चढायचं न्हाय, डाळिंबाला हात लावायचा न्हाय." तू म्हणालीस, "तात्या, काही पोरं वरडत्यात, पाडापाडी करत्यात. चालंल का? आत्ताच सांगा." मी मान वळवून तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. तात्या म्हणाले, "हितं वानरं येत्यात वो बाई. पोरांचं काय घेऊन बसलाय."

पेट्यांत भरायच्या कागदावर पोरं रंगवायची. बारामतीहून तू एस.टी.नं यायचीस, पिशवीत रंगांच्या पुड्या, आणि परतीच्या गाडीला मी तुला स्टँडवर सोडायला यायचे. दोन वर्षं चाललं हे. तू मला पोरांबद्दल सांगायचीस, शाळेतल्या नव्या मुख्याध्यापिकेच्या नकला करायचीस. मी हसायचे. पण त्या संध्याकाळबद्दल तू कधी अवाक्षर काढलं नाहीस. मी वाट बघत होते. प्रत्येक वेळी गाडी लागायची आणि तू चढून जायचीस.

एकदा मीच विचारलं. स्टँडवर उसाचा रस पीत होतो. "शाले, तो बुधवार तुला आठवतो का?"

तू ग्लासात बघत म्हणालीस, "जाऊ दे की मंगे."

"जाऊ दे मी म्हणायचं. तू नाही."

तुझी गाडी लागली. रस अर्धा टाकून गेलीस. पुढच्या रविवारी आलीस ती दत्तासाठी नवा शर्ट शिवून घेऊन. मोठ्या मापाचा, मुद्दाम पाठीवर बटणं लावलेला. मी तो घेतला. तुला वाटलं असेल, झालं. नाही झालं, शालन. शर्ट शर्टाच्या जागी.

दवाखान्यात तुला बघायला आले तेव्हा तू पिवळी पडली होतीस, डोळ्यांपर्यंत. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. डॉक्टर तुझ्या भावाशी बाहेर बोलत होते, त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मी तुला पेज भरवत होते. दोन चमचे घेतलेस आणि माझा हात बाजूला केलास.

"मंगे, त्या वेळी मी चुकले न्हवते."

मी चमचा वाटीत ठेवला.

"परत तसंच झालं, तर परत तसंच करीन. एवढी पोरं होती माझ्याकडं. तू एकाची आई हायेस. तुला एकच दिसणार."

इतकी वर्षं वाट बघितली ती याच्यासाठी? बाजूच्या कॉटवरची बाई कुशीवर वळून ऐकत होती. मरणाच्या दारातल्या माणसाला काय बोलायचं असतं ते मला माहीत नाही. मी म्हणाले, "चुकली होतीस. आणि हॉलही गेला."

"व्हय, हॉल गेला." तू डोळे मिटलेस. मिटल्या डोळ्यांनीच म्हणालीस, "बरी झाले की नीट भांडू. आत्ता दम लागतोय."

मला हसू आलं. तुलाही आलं असावं, ओठ हलले. मग उरलेली पेज खाल्लीस. चार दिवसांनी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला.

आता आजचं सांगते, कारण हे सांगायला मला दुसरं कुणी नाही.

आज रविवार. मी शेड उघडली. मला चित्रातलं काही येत नाही, पण कागद वाटता येतात, पाणी भरता येतं. बरीच पोरं आली. गावातल्या तीन-चार घरांतल्या आया हल्ली स्वतः सोडायला येतात, बसून राहतात, तुला माहीत आहेत त्या. सगळं बरं चाललं होतं. मग एक बाई आली, रानातून थेट आल्यासारखी, नववारी वर खोचलेली. कडेवर मुलगी, कडेवर घेण्याचं वय केव्हाच गेलेली, सात-आठ वर्षांची. मुलीचे दोन्ही हात फडक्यानं बांधलेले.

"हितं आमचं चालंल का?" तिनं विचारलं. "चावती ती. म्हणून बांधलंय. पन रंग बघितला की गप बसती."

मी म्हणाले, "बसवा. हात सोडा तिचे."

"चावंल वो."

"सोडा."

तिनं सोडले. मुलीचं नाव जनी. मी तिच्यापुढं निळीचं पाणी सरकवलं तर तिनं माझं मनगट धरलं आणि चावली. जोरात. मी ओरडले. पाणी सांडलं, शेजारच्या पोरीचं चित्र भिजलं, ती रडायला लागली. जनीची आई स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली, "म्हनलं न्हवतं का, म्हनलं न्हवतं का," करत मुलीला परत उचलायला लागली. मी तिला थांबवलं. म्हणाले, बसू द्या, नवीन जागा आहे, घाबरलीय.

गावातल्या आया उठल्या. एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, तुमचं मन मोठं आहे. पण शालनबाई असत्या तर त्यांनी काही तरी वेगळी सोय केली असती." शपथेवर सांगते, असंच म्हणाली. मी म्हणाले, "शालनबाई नाहीत. वेगळी सोयही नाही." त्या आपापली पोरं घेऊन गेल्या. त्यात ती शैला पण गेली, तुझी लाडकी, जी कोंबड्या इतक्या छान काढायची. जाताना मागं वळून वळून आपल्या कागदाकडं बघत होती. परत यायची नाही ती, मला माहीत आहे.

म्हणजे एक आलं आणि कितीतरी गेली. तू त्या मीटिंगमध्ये बसून हेच बघितलं असशील, नाही का? एकेक चेहरा, दाराकडं वळलेला. मला आज पहिल्यांदा समजलं की तुला तेव्हा कसं झालं असेल. समजलं. पटलं नाही. अजूनही म्हणते, चुकलीस. फक्त पूर्वी मला वाटायचं की बरोबर वागणं सोपं होतं आणि तू ते केलं नाहीस. सोपं नव्हतं. त्या शैलाची पाठ काही डोळ्यांपुढून जात नाही माझ्या.

जनी शेवटपर्यंत बसली. दत्तानं तिला आपल्या घमेल्याला हात लावू दिला नाही, दोघं एकमेकांवर खेकसत होती. निघताना आईनं विचारलं, "म्होरल्या रविवारी आणू का? का नगं?" मी म्हणाले, आणा.

घरी येऊन मनगटावर हळद लावली आणि हे लिहायला बसले. दात चांगले खोल रुतलेत. नेमका उजवा हात आहे, त्यामुळं अक्षर वाकडंतिकडं आलंय. रागानं तसं आलं असं समजू नकोस. राग आहे, तो वेगळा.